वाचकांचे प्रश्न : इंग्रजीतले संशोधन, बेळगावातून

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरातील इंग्रजी विषयाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची आहेत. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, वर्गात इंग्रजी, अशा तीन भाषांत वावरणाऱ्या या मुलामुलींना संशोधनाची पद्धत आणि अभ्यासपूर्ण लेखन या दोन गोष्टी अवघड जात असल्याचे पत्रांवरून दिसते. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : आदरणीय सर, मी एम.ए. इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मी ‘भारतीय इंग्रजी साहित्यातील स्त्रीवाद’ हा विषय दिला. विषय फार मोठा आहे, लहान करून आणा, असे मार्गदर्शकांनी सांगितले. मी त्याला ‘एक चिकित्सक अभ्यास’ असे जोडून पुन्हा दिला, तरीही तो परत आला. विषय लहान करायचा म्हणजे नेमके काय करायचे? – एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांनी विषय दोनदा परत केला, ही त्यांनी तुमच्या कामाकडे लक्ष दिल्याची खूण आहे, म्हणून प्रथम मनातली खंत काढून टाका. तुम्ही दिलेला विषय हा अजून नुसता विषयच आहे, त्यात प्रश्न नाही. विषय कधी चुकीचा ठरू शकत नाही. प्रश्नाचे उत्तर मात्र चुकीचे ठरू शकते, आणि ते चुकीचे ठरण्याची शक्यता असते म्हणूनच त्यासाठी पुरावा गोळा करावा लागतो. ‘साहित्यातील स्त्रीवाद’ या शब्दांवर कोणी आक्षेप घेऊ शकत नाही, त्यामुळे तिथे सिद्ध करण्यासारखेही काही उरत नाही.

तुम्हाला स्त्रियांच्या अनुभवाविषयीच लिहायचे आहे, तर एक उदाहरण आपल्या भागातलेच घेऊ. मराठी कवयित्री इंदिरा संत यांच्या आयुष्याचा फार मोठा काळ बेळगावात गेला. त्यांच्या निवडक कवितांचा इंग्रजी अनुवाद वृंदा नाबर आणि निस्सिम एझेकिएल यांनी केला आणि तो 1970च्या दशकात मुंबईहून प्रसिद्ध झाला. एझेकिएल हे भारतीय इंग्रजी कवितेतले मोठे नाव असल्यामुळे इंग्रजीच्या विद्यार्थ्याने या अनुवादावर काम करणे सर्वस्वी विषयाला धरून आहे. आता प्रश्न असा विचारता येईल : या अनुवादातील दहा कवितांत नात्यांचे आणि घराचे शब्द इंग्रजीत कोणत्या रूपात आले आहेत, आणि त्या रूपांमुळे कवितेत बोलणारी स्त्री मुळातल्यापेक्षा वेगळी दिसते का? याचे उत्तर ‘होय’ येईल, ‘नाही’ येईल, किंवा ‘अमुक कवितांपुरते होय’ असे येईल. तिन्ही उत्तरे मोलाची आहेत, आणि तिन्हींसाठी लागणारा पुरावा दहा कवितांच्या ओळींत तुमच्या समोर असेल.

समजा, एखाद्या कवितेत ‘माहेर’ हा शब्द आला. इंग्रजीत त्याला एकशब्दी पर्याय नाही. अनुवादकाला ‘आईवडिलांचे घर’ किंवा ‘बालपणीचे घर’ अशा अर्थाची रचना वापरावी लागते, आणि त्यात लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या नजरेतून दिसणारे ते घर हरवते, कारण आईवडिलांचे घर मुलग्यालाही असते, माहेर नसते. आता तुमच्या शेजारच्या कन्नड बाईंना विचारून पाहा. त्या लगेच ‘तवरुमने’ म्हणतील, आणि तो शब्द माहेराला नेमका लागू पडतो. म्हणजे अडचण केवळ भाषा बदलल्याची नाही. जिथे सासर-माहेर ही जगण्याची रचना आहे त्या दोन भाषांमध्ये शब्द सहज जातो, इंग्रजीत जाताना अडतो. ही गोष्ट मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विद्यार्थ्याला शोधून काढावी लागेल, तुम्हाला ती घरबसल्या ठाऊक आहे. तीन भाषांमुळे आपले इंग्रजी कच्चे राहिले, असे आपल्याकडची मुले मला वारंवार सांगतात, तेव्हा मला वाईट वाटते, कारण तुलनात्मक अभ्यासासाठी इतरांना वर्षानुवर्षे झटून जे मिळवावे लागते ते या मुलांच्या कानांत आधीच असते.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. इंदिराबाईंचा ‘गर्भरेशीम’ हा संग्रह 1982 मध्ये आला आणि त्याला 1984 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अनुवाद त्याच्या आधीचा आहे. म्हणून त्या अनुवादाच्या आधारे इंदिराबाईंच्या ‘समग्र कवितेविषयी’ एकही विधान तुम्हाला करता येणार नाही, केवळ आधीच्या संग्रहांविषयी करता येईल. विषयाची मर्यादा अशी तारखांमधून आपोआप ठरते आणि ती पहिल्या प्रकरणात स्पष्ट लिहायची असते. अनुवादाचे प्रकाशनवर्ष मात्र कोणत्याही यादीवरून उतरवू नका, पुस्तक हातात घेऊन मुद्रणाच्या पानावरून घ्या. याद्यांमधील वर्षे एकदुसरीशी जुळतातच असे नाही.

प्रश्न ठरला की मग ‘शोधगंगा’ उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या या संग्रहात देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध पूर्ण स्वरूपात वाचता येतात. आपल्या विषयाजवळचे चार-पाच प्रबंध काढून त्यांचे पहिले आणि शेवटचे प्रकरण वाचा. आपला प्रश्न कोणी आधीच सोडवला असेल तर ते आता कळणे बरे. शोधनियतकालिकांचे म्हणाल, तर 1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेखाली 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके केंद्र आणि राज्य शासनाच्या उच्च शिक्षण संस्थांना उपलब्ध झाली आहेत. तुमचे महाविद्यालय त्यात येते का, हे ग्रंथपालांना विचारा. येत नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मागा. मूळ मराठी संग्रहांसाठी बेळगावचे सार्वजनिक वाचनालय आहेच. 1848 पासून चालत आलेल्या त्या संस्थेत इंग्रजीच्या विद्यार्थ्यांची पावले कमी पडतात, ती वाढावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : सर, माझ्या लघुप्रबंधाच्या वाङ्मयचौर्य तपासणीत इतर लेखनाशी 34 टक्के साम्य दाखवले. मी जाणूनबुजून कुठलीही चोरी केलेली नाही. काही भाग संकेतस्थळांवरून वाचून वहीत लिहून घेतला होता, तो नंतर माझाच समजून वापरला गेला. काही मुद्दे मराठी समीक्षेच्या पुस्तकांतले आहेत, पण ते मी स्वतः इंग्रजीत आणले आहेत, त्यामुळे त्यांचा प्रश्न येत नाही असे मला वाटते. आता काय करावे? – एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : आधी नियम सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांच्या दरम्यान साम्य असेल, तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 6 महिन्यांत, सुधारलेला मजकूर पुन्हा सादर करता येतो. 40 ते 60 टक्क्यांसाठी एक वर्षपर्यंत सुधारित मजकूर सादर करता येत नाही, आणि 60 टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. म्हणजे तुमच्यासाठी दार उघडे आहे. योग्य संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश हे भाग साम्याच्या मोजणीतून वगळायचे असतात, तसेच सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळणारे सलग 14 शब्दांपर्यंतचे तुकडेही वगळायचे असतात. तुमच्या अहवालात हे वगळले आहे का, ते मार्गदर्शकांसोबत बसून पाहा. कित्येकदा संदर्भसूची मोजणीत राहून गेल्यामुळेच आकडा फुगलेला असतो.

आकडा खाली आणण्यासाठी शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालत बसू नका. त्याने यंत्राची नजर चुकेल, विचार मात्र दुसऱ्याचाच राहील, आणि वाक्येही ओबडधोबड होतील. अहवालात रंगवून दाखवलेला प्रत्येक परिच्छेद घेऊन तो कुठून आला हे शोधा आणि मग तीनपैकी एक करा : मूळ शब्द महत्त्वाचे असतील तर अवतरणचिन्हांत ठेवून पृष्ठांक द्या, केवळ विचार हवा असेल तर पुस्तक मिटून तो स्वतःच्या शब्दांत मांडा आणि तरीही संदर्भ द्या, आणि यांपैकी कशाचीच गरज नसेल तर परिच्छेद काढून टाका. तिसरा मार्ग विद्यार्थी सहसा स्वीकारत नाहीत, पण पुष्कळ प्रबंध त्यानेच सुधारतात.

खरे दुखणे तुमच्या वहीत आहे, आणि तुम्ही ते प्रामाणिकपणे सांगितले याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. वाङ्मयचौर्याची सुरुवात बहुतेक वेळा टिपण काढताना होते. मी माझ्या विद्यार्थ्यांना लांब फुलस्केप वहीच्या प्रत्येक पानावर दोन उभ्या रेघा मारायला लावत असे. डावीकडच्या अरुंद रकान्यात पुस्तकाचे नाव आणि पृष्ठांक, मधल्या रकान्यात निळ्या शाईने लेखकाचे शब्द अवतरणचिन्हांसह, आणि उजवीकडे पेन्सिलीने स्वतःचे मत. सहा महिन्यांनी वही उघडली तरी निळे कोणाचे आणि पेन्सिलीचे कोणाचे, याविषयी शंका उरत नाही. पृष्ठांक त्याच क्षणी लिहिण्याचा आग्रह मी का धरतो तेही सांगतो. माझ्या प्रबंधाच्या वेळी बेळगावात स्वतंत्र विद्यापीठ नव्हते, राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये झाले, आणि आम्ही धारवाडला कर्नाटक विद्यापीठाच्या ग्रंथालयात जात असू. एका अवतरणाचा पृष्ठांक मी लिहून घेतला नव्हता. टंकलेखकाकडे प्रत देण्याच्या आदल्या दिवशी ते ध्यानात आले आणि मला पहाटेची बस धरून त्या एका आकड्यासाठी धारवाड गाठावे लागले. पुस्तक दुसऱ्या कोणी नेले होते. ते अवतरण मी प्रबंधातून काढले, आणि त्यावर उभा असलेला युक्तिवादही त्याबरोबर गेला.

आता तुमच्या पत्रातील मराठी समीक्षेचा मुद्दा, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. मराठी पुस्तकातील विचार इंग्रजीत आणला म्हणून तो तुमचा होत नाही. तपासणीचे सॉफ्टवेअर बहुधा तो पकडणार नाही, कारण शब्द जुळत नाहीत. पण ज्या समीक्षकाने तो विचार आयुष्यभराच्या वाचनातून कमावला, त्याचे नाव इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचण्याची संधी तुमच्या हातून गेली. मराठी समीक्षेला इंग्रजी अभ्यासविश्वात स्थान मिळत नाही अशी तक्रार आपण सगळेच करतो. ते स्थान तुमच्यासारख्यांच्या संदर्भसूचीतूनच तयार होणार आहे. मराठी पुस्तकाचे नाव रोमन लिपीत लिहा, त्यापुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ द्या, आणि अवतरणाशेजारी ‘अनुवाद माझा’ अशा अर्थाची नोंद करा. लिप्यंतराची पद्धत कोणतीही निवडा, पण ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच ठेवा. एकाच लेखकाचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले प्रबंध मी तपासले आहेत, आणि अशा सूचीवरून परीक्षकाला पुस्तक शोधताच येत नाही.

प्रश्न : माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. मनात विचार मराठीत येतो, मग मी तो इंग्रजीत भाषांतरित करतो आणि वाक्य बिघडते. मित्र म्हणतात, चॅटजीपीटीला देऊन सुधारून घे. हे योग्य आहे का? – एक विद्यार्थी, शहापूर, बेळगाव

उत्तर : मराठीत विचार येण्यात काहीही गैर नाही, तो खुशाल मराठीत येऊ द्या. चूक होते ती वाक्याला वाक्य लावण्यात. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे आपण अटी, कारणे आणि विशेषणे आधी रचत जातो आणि वाचक शेवटपर्यंत धीराने थांबतो. इंग्रजी वाचकाला कर्ता आणि क्रियापद लवकर आणि जवळजवळ हवे असतात. म्हणून परिच्छेद लिहिण्याआधी स्वतःला मराठीत, मोठ्याने, एकच प्रश्न विचारा : या परिच्छेदात मला काय म्हणायचे आहे? उत्तर एका श्वासात देता आले तर तेच इंग्रजीत पहिले वाक्य म्हणून लिहा. त्यानंतर पुरावा, म्हणजे कवितेची ओळ किंवा कादंबरीतील प्रसंग, आणि त्यानंतर त्या पुराव्यातून तुमचे म्हणणे कसे निघते याची दोन-तीन वाक्ये. विद्यार्थी अवतरण देतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. ही शेवटची दोन-तीन वाक्येच राहून जातात, आणि संशोधन म्हणून जे काही असते ते तिथेच असते.

क्रियापदांकडे विशेष लक्ष द्या. प्रकल्पांमध्ये मला ‘द पोएम टॉक्स अबाउट’ हे शब्द पानापानावर भेटतात. कविता कशाविषयी तरी बोलते, एवढेच त्यातून कळते. त्याऐवजी ती काही सुचवते तेव्हा ‘सजेस्ट्स’, नाकारते तेव्हा ‘रिजेक्ट्स’, प्रश्न उभा करते तेव्हा ‘क्वेश्चन्स’ असे लिहायचे ठरवले, की ती नक्की काय करते हे तुम्हाला आधी ठरवावे लागते, आणि विचार आपोआप नेमका होतो. समीक्षकाच्या बाबतीतही ‘सेज’ आणि ‘आर्ग्यूज’ यांत फरक आहे. ज्याने कारणे दिली आहेत त्याच्यासाठीच ‘आर्ग्यूज’ वापरावे. साहित्यकृतीत घडणाऱ्या गोष्टी इंग्रजीत वर्तमानकाळात लिहिण्याचा प्रघात आहे, आपण कथा सांगतो तशा भूतकाळात लिहू नयेत.

चॅटजीपीटीविषयी तुमच्या विद्यापीठाचा आणि विभागाचा नियम आधी लेखी स्वरूपात पाहा, आणि वापर केला तर तो उघडपणे नोंदवा. माझे स्वतःचे मत असे की, शुद्धलेखन दाखवून घेण्यापुरते ते ठीक आहे, परिच्छेद लिहवून घेणे हानिकारक आहे, कारण इंग्रजी वाक्य स्वतः तीनदा मोडून पुन्हा बांधण्याचा सराव एम.ए.च्याच वयात होतो. शिवाय अशी साधने अस्तित्वातच नसलेले लेख आणि पुस्तके खऱ्यासारखी मांडून देतात. जे पुस्तक किंवा जो लेख तुम्ही स्वतः उघडून पाहिला नाही, तो संदर्भसूचीत घालू नका. याला अपवाद करू नका.

प्रश्न : एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीने संदर्भ देताना शहराचे नाव ‘बेलगाम’ लिहावे की ‘बेलगावी’? वर्गात यावर वाद झाला. – एम.ए.चे काही विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : संदर्भसूचीपुरता हा वाद मिटलेला आहे. एमएलएच्या 2016 च्या आठव्या आवृत्तीपासून प्रकाशनस्थळ देण्याची सामान्यतः गरज राहिलेली नाही, आणि 2021 च्या नवव्या आवृत्तीतही तेच आहे. 1900 पूर्वीच्या पुस्तकांसाठी प्रकाशकाऐवजी शहर देता येते, तेव्हा पुस्तकावर जसे छापले आहे तसेच द्यावे. अवतरणातील नावाला हात लावू नये, मग ते कोणत्याही रूपात असो. स्वतःच्या लेखनात, 1 नोव्हेंबर 2014 पासून इंग्रजीत अधिकृत नाव बदलले आहे हे एका तळटीपेत नोंदवून, त्याआधीच्या काळाविषयी लिहिताना त्या काळचे रूप ठेवणे इतिहासाला धरून होईल. हा विषय आपल्या सर्वांच्या मनाच्या जवळचा आहे, हे मी जाणतो. तरीही प्रबंधात आपण काय निवडले आणि का निवडले, एवढे सांगितले की परीक्षकाचे समाधान होते.

प्रश्न : माझी मुलगी एम.ए. इंग्रजी झाली असून तिला पीएच.डी. करायची आहे. एका नियतकालिकाने पैसे भरल्यास आठवडाभरात लेख छापून देतो असे तिला कळवले आहे. प्रवेशासाठी असा लेख आवश्यक असतो का? लग्नानंतर तिला हे काम पूर्ण करता येईल का, ही आमची दुसरी काळजी. – एक पालक, चिकोडी

उत्तर : त्या नियतकालिकाला पैसे देऊ नका. तज्ज्ञांकडून लेख तपासून घेण्याला आठवडा पुरत नाही, त्यामुळे तिथे तपासणी होत नाही हे उघड आहे, आणि असा छापील लेख पुढे मुलाखतीत तिच्याच विरोधात जाऊ शकतो. आयोगाच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.साठी लेख प्रसिद्ध करण्याची सक्ती ठेवलेली नाही. एखाद्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात असते. नियतकालिकांची जी ‘केअर’ यादी आयोग ठेवत असे, ती 2025 च्या फेब्रुवारीत बंद झाली, म्हणून ‘आम्ही केअर यादीत आहोत’ ही जाहिरात आता कोणी केली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण आणि प्रवेशप्रक्रिया या मुख्य अटी आहेत. राखीव गटांना गुणांत 5 टक्क्यांची सवलत आहे. प्रवेशानंतर किमान 12 क्रेडिटचे कोर्सवर्क असते, त्यात संशोधनपद्धती आणि संशोधनातील नीती हे भाग येतात. एकूण काळ किमान 3 वर्षे आणि कमाल 6 वर्षे. स्त्रियांना त्यापुढे 2 वर्षांची जादा सवलत आणि 240 दिवसांपर्यंतची प्रसूतिरजा मिळू शकते. तेव्हा तुमच्या दुसऱ्या काळजीचा विचार नियमांनी आधीच केलेला आहे. लग्न ठरवताना समोरच्या घराशी हे तुम्ही स्वतः स्पष्ट बोलावे, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. मुलीने एकटीने ते बोलणे आणि वडिलांनी बोलणे यांत आपल्याकडे अजून फरक पडतो.

विद्यापीठ बेळगावचे निवडावे की कोल्हापूरचे, हे अंतरावरून ठरवू नका, चिकोडीहून दोन्हीकडे जाता येते. ज्या मार्गदर्शकांकडे नाव नोंदवायचा विचार आहे, त्यांच्याकडे आधी पूर्ण झालेले दोन-तीन प्रबंध तिने शोधगंगेवरून उतरवून घ्यावेत आणि त्यांची पहिली प्रकरणे व संदर्भसूची वाचाव्यात. वाचून झाल्यावर तिच्या मनात जे प्रश्न उभे राहतील ते एका कागदावर लिहून, तोच कागद घेऊन तिने त्यांना भेटायला जावे.